फिट येते मेंदूमुळे, मूळ मात्र नदीच्या पाण्यात: रक्तातला जंत शोधणारे डॉ. थिओडोर बिल्हार्झ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावाचं नाव जंतांवरच्या वैद्यकीय पुस्तकांत हमखास सापडतं. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी इथल्या गावकऱ्यांना एका जंताची लागण झाल्याचं दाखवून दिलं. तोवर हा आजार आफ्रिका, इजिप्तहून येणाऱ्यांचा, बाहेरचा समजला जायचा. त्याचं नाव बिल्हार्झिया. ज्यांच्या आडनावावरून हे नाव पडलं, ते डॉ. थिओडोर बिल्हार्झ जर्मनीत जन्मले आणि त्यांची सगळी नोकरी कैरोत झाली.

लघवीतून रक्त जाणं हे या आजाराचं नेहमीचं लक्षण. पण फार थोड्या रुग्णांत या जंताची, किंवा त्याच्या भाऊबंदांची, अंडी मज्जारज्जूत नाहीतर थेट मेंदूत जाऊन बसतात. चांगला धडधाकट माणूस फिट येऊन पडतो. स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसते आणि घरातले सगळे ट्यूमर समजून हादरतात. पोटातला, लघवीच्या पिशवीतला म्हणून माहीत असलेला जंत डोक्यापर्यंत जातो कसा? या कोड्याचं निम्मं उत्तर बिल्हार्झ यांनी १८५१ मध्येच देऊन ठेवलं होतं. तेव्हा त्यांचं वय होतं २६.

थिओडोर यांचा जन्म २३ मार्च १८२५ चा. गाव सिग्मारिंगेन, डॅन्यूब नदीच्या काठी. आपल्याकडे सांगली, सावंतवाडी, जमखंडी अशी संस्थानं होती ना, त्यातलाच प्रकार. होहेन्झोलर्न घराण्याच्या एका छोट्या संस्थानाची ही राजधानी. वडील राजाच्या पदरी कारभारात होते, आई स्वित्झर्लंडकडची. धाकटा भाऊ आल्फोन्स हाही पुढे डॉक्टर झाला आणि तत्त्वज्ञानाकडे वळला.

वैद्यकीचं शिक्षण आधी फ्रायबुर्गला आणि मग ट्युबिंगेनला झालं. ट्युबिंगेनला विद्यापीठाने एका निबंधासाठी बक्षीस लावलं होतं. विषय होता पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचं रक्त. ते बक्षीस थिओडोर यांनी पटकावलं. डॉक्टर होऊ घातलेल्या पोराने किडे, गोगलगायी यांच्या रक्तात डोकं घालावं याचं घरच्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण पुढचं सगळं आयुष्य याच दोन गोष्टींभोवती फिरलं: बिनकण्याचे जीव आणि रक्त.

फ्रायबुर्गला त्यांना गुरू भेटले कार्ल थिओडोर फॉन सीबोल्ड. परजीवी जंतांच्या अभ्यासात सीबोल्ड यांचं नाव त्या काळी युरोपभर होतं. दुसरे गुरू ट्युबिंगेनचे, विल्हेल्म ग्रीसिंगर. हे नाव मानसोपचाराच्या इतिहासात फार मोठं आहे. मनाचे आजार म्हणजे भूतबाधा नाही की पापाचं फळ नाही, ते मेंदूचे आजार आहेत, असं त्यांनी १८४५ च्या ग्रंथात ठासून मांडलं होतं. मेंदूकडे बोट दाखवणारा हा माणूसच बिल्हार्झ यांना जंतांच्या देशात घेऊन गेला, हा योगायोग म्हणायचा.

१८५० मध्ये इजिप्तचे राज्यकर्ते अब्बास पाशा यांनी ग्रीसिंगर यांना आपले खासगी डॉक्टर आणि वैद्यकीय शाळेचे प्रमुख म्हणून बोलावलं. मदतनीस म्हणून ग्रीसिंगर यांनी २५ वर्षांच्या बिल्हार्झ यांना बरोबर घेतलं. इकडे सिग्मारिंगेनचं संस्थानही त्याच सुमारास प्रशियात विलीन झालं. गावाकडे मागे वळून बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही.

कैरोतलं कस्र अल-ऐनी रुग्णालय आणि त्याला जोडलेली वैद्यकीय शाळा, हे त्यांचं कामाचं ठिकाण. ही शाळा क्लॉट बे या फ्रेंच डॉक्टरांनी १८२७ मध्ये अबू झाबल इथे सुरू केली आणि १८३७ मध्ये ती कैरोत आली. मुसलमान मुलखात शवविच्छेदन करायला मिळावं म्हणून क्लॉट बे यांना बराच झगडा करावा लागला होता. त्या झगड्याचा फायदा या दोन जर्मनांना मिळाला. त्यांनी शवविच्छेदनांचा धडाका लावला. लक्षणांवरून अंदाज बांधण्यापेक्षा शरीर उघडून बघायचं, ही त्यांची पद्धत.

नाईलच्या खोऱ्यात लघवीतून रक्त जाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. शेतकरी कालव्यात उभे राहून काम करायचे, पोरं त्याच कालव्यात दिवसभर डुंबायची आणि वयात येणाऱ्या मुलांच्या लघवीत लाल रंग दिसायचाच, असं लोक धरून चालायचे. नेपोलियनच्या फौजा १७९८ मध्ये तिथे उतरल्या तेव्हा फ्रेंच शिपायांनाही हाच त्रास झाला. त्यांच्या डॉक्टरांनी तो उन्हावर, घामावर ढकलला. रोज दिसणाऱ्या गोष्टीला लोक आजार म्हणत नाहीत; आपल्याकडे पूर्वी नारूचं तसंच होतं.

१८५१ च्या वसंतात बिल्हार्झ एका शवविच्छेदनात आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर तपासत होते. आतड्यात जंत सापडणं नेहमीचं होतं. इथे मात्र शिरेतल्या रक्तातच लांबट पांढरे जंत निघाले. १ मे १८५१ रोजी त्यांनी सीबोल्ड यांना पत्र लिहून हे कळवलं. सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्यावर आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या त्या चपट्या जंताच्या अंगाच्या दोन्ही कडा आत वळून पन्हळीसारखी खोबण झाली होती, आणि त्या खोबणीत दोऱ्यासारखा बारीक दुसरा एक जंत होता. चपटा तो नर, दोऱ्यासारखी ती मादी. मादी नराच्या कुशीतच राहते आणि रक्तातच अंडी घालते.

त्यानंतरच्या महिन्यांत दुसरा धागा हाती आला. लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांच्या लघवीच्या पिशवीच्या आतल्या अस्तरावर सूज, जखमा होत्या, आणि त्यांत काट्यासारखं टोक असलेली अंडी खच्चून भरलेली होती. काही अंड्यांना काटा टोकाला, काहींना बाजूला. शिरेतला जंत आणि लघवीतलं रक्त यांची सांगड बिल्हार्झ यांनी अशी घातली. सीबोल्ड यांनी आपल्या नियतकालिकात त्यांची पत्रं छापली. जंताला नाव दिलं डिस्टोमम हिमॅटोबियम, म्हणजे रक्तात राहणारा. ग्रीसिंगर यांनी ३६३ शवविच्छेदनांचा हिशेब मांडला, त्यात ११७ जणांच्या शरीरात हा जंत होता. जवळजवळ तिसरा माणूस!

दोन प्रकारच्या काट्यांचा उलगडा मात्र त्यांना झाला नाही. हे दोन वेगळे जंत आहेत, एक लघवीच्या पिशवीभोवतीच्या शिरांतला आणि दुसरा आतड्याभोवतीच्या शिरांतला, हे कळायला पुढे साठेक वर्षं गेली. अंडी दिसली, काटेही दिसले, पण निष्कर्ष हातातून निसटला.

त्याच १८५१ सालात त्यांनी आणखी दोन जंत शोधले. एक मासे खाण्यातून होणारा बारीक चपटा जंत आणि दुसरा बुटका फीतकृमी. हा बुटका फीतकृमी आपल्याकडच्या मुलांच्या पोटातही सापडतो. एका वर्षात तीन नवे जंत म्हणजे कुठल्याही संशोधकाची जन्माची पुण्याई.

ग्रीसिंगर १८५२ मध्ये जर्मनीला परतले. बिल्हार्झ मागे राहिले. ते अरबी शिकले, त्यांनी रुग्णालयात एका विभागाची जबाबदारी घेतली आणि १८५६ मध्ये शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. राजे बदलले, दरबारातली हवा बदलली, परदेशी डॉक्टरांची पत कधी वर कधी खाली, पण ते कैरोतच टिकून राहिले. जंतांचं काम मात्र पुढे फारसं सरकलं नाही. नाईलमध्ये एक मासा आहे, हात लावला की विजेचा झटका देणारा. त्याच्या अंगात वीज तयार होते कुठे आणि त्या अवयवाकडे मज्जातंतू जातात कसे, यावर त्यांनी १८५७ मध्ये सुंदर आकृत्यांसह ग्रंथ काढला. जंत ज्या वाटेने शरीरात येतो ती वाट शोधायला हाच माणूस लायक होता, आणि तो माशाच्या मागे गेला, अशी चुटपुट आज वाचताना लागते. पण तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

१८६२ मध्ये जर्मनीतल्या साक्स-कोबुर्ग-गोथा संस्थानचे ड्यूक एर्न्स्ट दुसरे लवाजमा घेऊन इजिप्त आणि तांबड्या समुद्राकाठच्या मसावाकडे निघाले. प्राण्यांवर लिहिणारे प्रसिद्ध लेखक आल्फ्रेड ब्रेम त्यांच्या सोबत होते. स्थानिक माहिती असलेला डॉक्टर हवा म्हणून बिल्हार्झही गेले. त्या प्रवासात त्यांना टायफस तापाने गाठलं. कैरोला परतल्यावर ९ मे १८६२ रोजी ते गेले. वय ३७.

माणूस गेला, त्याचा जंत मात्र चर्चेत राहिला. आधी जर्मनीत आणि मग इंग्लंडमध्ये संशोधकांनी जंताला बिल्हार्झिया म्हणायला सुरुवात केली. शास्त्रीय नियमांच्या वादात शेवटी शिस्टोसोमा हे दुसरं नाव टिकलं, पण इजिप्तमध्ये अजूनही लोक बिल्हार्झियाच म्हणतात. पहिल्या महायुद्धात इजिप्तमधल्या इंग्रज शिपायांना हे नाव काही नीट उच्चारता येईना, त्यांनी त्याचं बिल हॅरिस करून टाकलं. जणू कुणी ओळखीचा सोल्जरच! १९१० मध्ये मार्क आर्मंड रफर यांना सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन ममींच्या मूत्रपिंडांत याच जंताची अंडी सापडली.

जंत शरीरात येतो कुठून, हे कोडं बिल्हार्झ यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं तसंच राहिलं. जपानमध्ये कात्सुराडा यांनी १९०४ मध्ये या कुळातला तिसरा जंत ओळखला, आणि १९१३ मध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी त्याचा मधला मुक्काम गोगलगायीत असतो हे दाखवलं. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यासाठी इजिप्तला गेलेले रॉबर्ट लायपर यांनी कैरोजवळच्या पाण्यातल्या गोगलगायी गोळा करून तिथल्या जंतांची वाट उलगडली. माणसाची लघवी किंवा शौच पाण्यात गेली की अंडी फुटतात, त्यांतली पिल्लं गोगलगायीत शिरतात. काही आठवड्यांनी गोगलगायीतून शेपटीवाली बारीक पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून सरळ आत घुसतात. ना जखम लागते, ना ते पाणी प्यावं लागतं. पाण्यात पाय घातला तरी पुरे.

आता मेंदूकडे. जंत आतड्यात असता तर त्याची अंडी शौचावाटे निघून गेली असती. पण बिल्हार्झ यांनी दाखवलं तसा तो रक्तात राहतो. मादी रोज अंडी घालत राहते. काही अंडी पिशवीची किंवा आतड्याची भिंत फोडून बाहेर पडतात, बरीच आतच अडकतात. रक्ताच्या प्रवाहात सुटलेलं अंडं कुठे जाईल याचा नेम नसतो. यकृतात जाईल, फुफ्फुसात जाईल. आणखी एक चोरवाट पाठीच्या कण्याभोवती आहे. तिथल्या शिरांच्या जाळ्याला झडपा नसतात. खोकला आला, कुंथलं, वजन उचललं की ओटीपोटातलं रक्त तिथे उलटंही वाहू शकतं आणि ते जाळं वर कवटीपर्यंत पोचलेलं असतं. कधी अंडी या वाटेने जातात, कधी जंतांची जोडीच भरकटून भलत्या शिरेत जाऊन बसते आणि तिथेच अंडी घालते.

यातही कुळातल्या भावाभावांत फरक आहे. इजिप्त आणि आफ्रिकेतल्या जंतांची अंडी मोठी, काटेरी. ती बहुधा मज्जारज्जूच्या खालच्या भागात अडकतात. माणसाची कंबर दुखायला लागते, काही दिवसांत पाय लुळे पडतात, लघवी अडते. चीन, फिलिपाइन्सकडच्या जंताची अंडी लहान, गोलसर आणि काटा जवळजवळ नसलेली. ती मेंदूपर्यंत जास्त सहज पोचतात. १९४४ मध्ये फिलिपाइन्समधल्या लेयटे बेटावर उतरलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी हजाराहून जास्त जणांना नद्याओढे ओलांडताना ही लागण झाली, आणि त्यातल्या काहींना मेंदूची लक्षणं दिसली. तरुण सैनिक, युद्धात डोक्याला मार नाही आणि अचानक फिट!

अंडं स्वतः काही करत नाही. शरीराची संरक्षक पेशींची फौज त्याच्याभोवती गोळा होते, सूज येते, गाठ बनते. डोकेदुखी, फिट, एका बाजूचा हात-पाय कमजोर होणं, बोलणं अडखळणं हे सगळं त्या सुजेमुळे. स्कॅनवर ती गाठ ट्यूमरसारखीच दिसते. कित्येकदा कवटी उघडून तुकडा काढला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशींऐवजी काटेरी अंडं दिसतं. म्हणजे १८५१ मध्ये बिल्हार्झ यांना दिसलं तेच, फक्त जागा वेगळी. उलट, शवविच्छेदनात मेंदूत अंडी सापडली पण हयातीत एकही लक्षण नव्हतं, अशीही माणसं असतात. त्यामुळे हा प्रकार वाटतो तितकाच दुर्मिळ आहे की न ओळखता राहून जातो, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत.

एक खुलासा इथे हवा. आपल्याकडे कोबीतून मेंदूत किडे जातात असे मेसेज वर्षातून दोनदा तरी फिरतात. तो जंत वेगळा, डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून न धुतलेल्या भाजीवर येतात आणि तोंडावाटे पोटात जातात. भारतात फिट येण्याच्या कारणांत तो बऱ्याच वरचा आहे. बिल्हार्झ यांचा जंत भाजीतून येत नाही, पाण्यातून कातडीवाटे येतो. दोन्हींचे उपचारही सारखे नाहीत.

बिल्हार्झियावर प्रॅझिक्वांटेल ही गोळी १९७० च्या दशकात आली. मेंदूत किंवा मज्जारज्जूत गाठ असेल तर सूज आवरायला स्टेरॉइडही द्यावं लागतं, आणि मज्जारज्जूच्या बाबतीत तर दिवसांचा हिशेब असतो. उशीर झाला तर पाय परत येतीलच असं नाही. या गोळीच्या आधी अँटिमनीची इंजेक्शनं हाच उपाय होता. इजिप्त सरकारने १९५० पासून १९८० च्या सुमारापर्यंत गावोगावी ती मोहीम चालवली. सुया नीट उकळल्या जात नव्हत्या. एका आजारातून सुटलेल्या लाखो लोकांना यकृत खाणारा हिपॅटायटिस सी लागला, आणि तो देश कैक वर्षं जगात सर्वाधिक हिपॅटायटिस सी असलेल्या देशांत गणला जात राहिला. नीयत चांगली असूनही एवढं नुकसान झालेल्या मोहिमा वैद्यकीच्या इतिहासात थोड्याच असतील.

भारतातल्या गोगलगायी हा जंत पोसतील का, ही काळजी पहिल्या महायुद्धापासूनची. इजिप्त, मेसोपोटेमियाच्या आघाड्यांवरून शिपाई परतत होते. मुंबईत लिस्टन आणि सोपारकर यांनी १९१८ मध्ये गुरांना होणाऱ्या याच कुळातल्या जंताचा माग इथल्या गोगलगायींपर्यंत काढला. हे गुरांचे जंत माणसाच्या शरीरात वाढत नाहीत, पण कातडीत घुसून मरतात आणि खाज उठवतात. भातलावणीनंतर पायांना उठणाऱ्या खाजेमागे कधी कधी हेच असतात. माणसाच्या जंताला मात्र इथली गोगलगाय मानवली नाही. अपवाद गिमवीचा. तिथे शिंपीसारख्या कवचाच्या एका चिमुकल्या गोगलगायीवर संशोधकांचं बोट गेलं. पुढे तिथला प्रादुर्भाव ओसरला.

धोका संपला असं मात्र नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांची मुळं मोझांबिक, अंगोलाकडे गेलेली आहेत, बांधकाम आणि खाणींच्या कामावर आजही माणसं आफ्रिकेत जातात, आणि भारतीय जवान संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर काँगो, दक्षिण सुदानला तैनात असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगातल्या २५ कोटींहून जास्त लोकांना या आजाराच्या प्रतिबंधक औषधाची गरज होती आणि त्यातले बहुतेक आफ्रिकेतले. तिकडच्या नदीत, तलावात केलेली एखादी अंघोळ माणूस गावी परतेपर्यंत विसरून जातो. जंताची जोडी शरीरात तीन ते पाच वर्षं, क्वचित त्याहून पुष्कळ जास्त जगते. मग इथे फिट येते, स्कॅन होतो, गाठ दिसते. रुग्ण आपण होऊन नदीचं नाव काढत नाही, कारण डोक्याचा आणि त्या पाण्याचा काही संबंध असेल हे त्याच्या गावीही नसतं. ते डॉक्टरांनीच विचारावं लागतं, आणि डॉक्टरांनी नाही विचारलं तर घरच्यांनी सांगावं लागतं.

कैरोजवळ गिझामध्ये आज थिओडोर बिल्हार्झ यांच्या नावाने मोठी संशोधन संस्था आहे, तिचं रुग्णालयही आहे. चंद्रावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव दिलेलं आहे.